उल्हास नदीची पातळी वाढली तर पूरक्षेत्र किती पसरतं: क्यूजीआयएसमध्ये कसं काढायचं आणि कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे की, बदलापूरचा एक एमएस्सी भूगोलचा विद्यार्थी, ठाण्यातल्या कॉलेजात प्रोजेक्ट करतोय, त्याला उल्हास नदीची पातळी अर्ध्या-अर्ध्या मीटरने वाढवत नेली तर पुराखाली येणारं क्षेत्र कसं वाढतं ते नकाशावर दाखवायचंय. त्याने फुकट मिळणारा ३० मीटरचा डीईएम, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या प्रत्येक चौकोनाची (पिक्सेलची) उंची सांगणारा नकाशा घेतला, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे पिक्सेलवार हिशोब करणाऱ्या टूलमध्ये, "डीईएम १८ पेक्षा कमी किंवा समान" असं टाकलं, कारण बदलापूर पुलावरची धोका पातळी १७.५० मीटर आहे, आणि नकाशात कल्याण, डोंबिवली, भिवंडी, ठाणे सगळंच निळं झालं. नेरळ-कर्जतकडे मात्र एक थेंब नाही. विचारतोय काय चुकलं.

टूल बरोबरच वापरलंय तुम्ही. चूक आहे ती पाणी सपाट आहे असं धरण्यात. तळ्यात, धरणात पाणी सपाट असतं, नदीत नसतं. नदीचं पाणी वाहतं याचाच अर्थ त्याच्या पृष्ठभागाला उतार आहे, आणि पूर आला म्हणजे तो उतार नाहीसा होत नाही, सगळा उतारच वर उचलला जातो. हे तुमच्याच नदीवर बघा ना. पावसाळ्यात जिल्ह्यांच्या पूरस्थितीच्या पत्रकांत धोका पातळ्या येतात, उल्हासची कर्जतला ४८.७७, बदलापूर पुलाला १७.५०, जांभूळला १४.००, मोहन्याला १०.००. नदी एकच आहे, पण १७.५० हा आकडा फक्त बदलापूरच्या पुलापाशी खरा आहे, तो तुम्ही मोहन्याला लावला तर तिथे धोका पातळीच्या साडेसात मीटर वर पाणी उभं केल्यासारखं होतं आणि कर्जतला लावला तर पाणी नदीच्या तळाच्याही खाली जातं. कल्याण-डोंबिवली-ठाण्याचा बराचसा सखल भाग मुळातच १८ मीटरच्या खाली आहे, त्यामुळे तुमचा नकाशा पूर दाखवतच नव्हता, १८ मीटरची कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, दाखवत होता एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, समुद्रसपाटीपासूनची उंची सोडा आणि नदीपासूनची उंची काढा. प्रत्येक पिक्सेल त्याच्या समोरच्या नदीपात्रापेक्षा किती मीटर वर आहे, हा आकडा हवा. याला दोन रस्ते आहेत, एक हँड म्हणतात तो, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं पाणी डीईएमप्रमाणे वाहत जाऊन ज्या ओढ्याला किंवा नदीला मिळतं त्या ठिकाणापासूनची उंची, आणि दुसरा रिलेटिव्ह एलिव्हेशन मॉडेल, आपण त्याला सापेक्ष उंचीचं मॉडेल म्हणू. नेटवर सगळे हँडच सांगतात कारण ते ग्रास नावाच्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या दोन टूलमध्ये होतं, आधी वॉटरशेड आणि मग स्ट्रीम डिस्टन्स. पण तुमच्या कामाला मी दुसरा रस्ता घेईन, आणि त्याचं कारण बदलापुरातच आहे.

हँडमध्ये प्रत्येक नाल्याला स्वतःचा शून्य असतो. तुम्ही हँड ४ मीटर टाकलं की उल्हास ४ मीटर वर येते आणि तिच्याबरोबर गावातला प्रत्येक बारीक नालाही त्याच्या उगमापर्यंत ४ मीटर वर येतो. असं होत नाही. उल्हास फुगली की नाल्यात होतं काय, तर नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचं पाणी नाल्यातून उलटं मागे येतं, ते पाणी नदीच्या त्या ठिकाणच्या पातळीइतकंच चढतं, त्याच्यावर नाही. नदीकाठच्या वस्तीत विचारून बघा, हेंद्रेपाड्याला, रमेशवाडीला, पाणी आधी काठावरून उडी मारून आलं की नाल्या-गटारांतून आलं ते विचारा. नाल्यातलं हे मागे आलेलं पाणी सापेक्ष उंचीच्या मॉडेलमध्ये आपोआप बरोबर येतं, हँडमध्ये नाही. हँडच वापरायचं असेल तर ओढ्यांचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती पाणलोट जमला की ओढा धरायचा ती मर्यादा, इतका मोठा ठेवा की फक्त उल्हास आणि तिला मिळणारी बारवी राहील, छोटे नाले गळून पडतील.

आता करायचं कसं. डीईएम आधी यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये आणा, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, नाहीतर क्षेत्रफळ अंशात येईल आणि त्याला काही अर्थ नाही. रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या पिक्सेलची उंची काढायची रीत, बायलिनिअर ठेवा, निअरेस्ट ठेवलं तर उंचीत पायऱ्या पडतात. नदीची मध्यरेषा उपग्रह चित्रावरून हाताने काढा, डीईएममधून निघालेली रेषा सपाट भागात पात्र सोडून शेतातून जाते. मग मध्यरेषेला आडव्या रेषा काढा, साधारण अर्ध्या किलोमीटरला एक, आणि त्या दोन्ही बाजूला खोऱ्याच्या उंच जमिनीपर्यंत न्या, वळणावर एकमेकींना छेदू देऊ नका. प्रत्येक आडव्या रेषेवर पात्रातली सगळ्यात कमी उंची घ्या, ती साधारण कोरड्या दिवसातली पाण्याची पातळी असते. हे आकडे वरून खाली एका ओळीत मांडून बघा, ते उतरत गेले पाहिजेत, मध्येच एखादा वर उडी मारत असेल तर तिथे पूल किंवा झाडी डीईएममध्ये आलेली आहे, तो आकडा काढून आजूबाजूच्यांवरून भरा. मग प्रत्येक आडव्या रेषेला तिचा आकडा द्या, रेषेवर बिंदू पाडा, टिन इंटरपोलेशन करा, म्हणजे बिंदूंमधली जागा त्रिकोणांनी भरून काढा, की नदीच्या उताराचं एक तिरकं पृष्ठ मिळतं. डीईएममधून ते वजा केलं की झालं. आता "३ पेक्षा कमी" म्हणजे नदी सगळीकडे कोरड्या पातळीच्या ३ मीटर वर, आणि कल्याण-ठाणे निळं होणार नाही.

यात एक धरून चाललेली गोष्ट आहे ती रिपोर्टमध्ये लिहा. नदी सगळीकडे सारखीच ३ मीटर वाढते असं आपण धरलंय. प्रत्यक्षात खोरं अरुंद असेल तिथे पाणी जास्त चढतं, रुंद असेल तिथे पसरतं आणि कमी चढतं. म्हणून हे काम एका छोट्या पट्ट्यापुरतं करा, बदलापूरच्या पुलाच्या वर-खाली काही किलोमीटर, कर्जतपासून कल्याणपर्यंत एकच आकडा लावू नका.

पुढचा टप्पा लोक गाळतात तो जोडणीचा. "३ पेक्षा कमी" मध्ये नदीपासून लांब एखादी दगडखाण, एखादं तळं, एखादा भरावामागचा खड्डाही येतो, तिथे नदीचं पाणी पोचायला वाटच नसते. रास्टरचे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकृत्या, करा आणि नदीच्या रेषेला जे शिवतात तेवढेच ठेवा. पण आंधळेपणाने टाकू नका, टाकलेला प्रत्येक मोठा तुकडा चित्रावर उघडून बघा. बदलापूर-वांगणी पट्ट्यात रेल्वेचा भराव आहे, डीईएमला तो भिंतीसारखा दिसतो, पण भरावाखाली मोऱ्या आहेत आणि मोरीतून पाणी पलीकडे जातं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस याच पट्ट्यात पाण्यात अडकली होती, हजाराच्या वर प्रवासी बोटींनी आणि हेलिकॉप्टरच्या मदतीने बाहेर काढले. म्हणजे तिथे भराव असूनही पाणी रुळांपर्यंत आलं. तुमच्या नकाशात भरावाची एक बाजू निळी आणि दुसरी कोरडी ठणठणीत दिसत असेल तर तिथे जाऊन मोरी कुठे आहे ते बघून या आणि त्या ठिकाणी डीईएममध्ये दोन-तीन पिक्सेल खाली कापा.

आता अर्ध्या मीटरच्या टप्प्याबद्दल, आणि इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम फुकट मिळणाऱ्यांत आत्ता मला सगळ्यात बरा वाटतो, त्याची सांगितलेली उभी अचूकता नव्वद टक्के ठिकाणी ४ मीटरच्या आत अशी आहे, एकाच भागातल्या दोन ठिकाणांच्या उंचीच्या फरकात, कमी उताराच्या जागी, २ मीटर. एसआरटीएम हा नासाचा डीईएम तर फेब्रुवारी २००० चा आहे, उंची पूर्ण मीटरमध्येच देतो, आणि तेव्हाचं बदलापूर आणि आत्ताचं बदलापूर यात किती भराव पडलाय ते तुम्ही रोज बघता. शिवाय हे दोन्ही रडारचे आहेत, त्यांना जमीन दिसत नाही, छप्पर आणि झाडाचा शेंडा दिसतो. ब्रिस्टल विद्यापीठाचा फॅबडेम आहे, त्यात कोपर्निकसमधून झाडं आणि इमारती वजा करायचा प्रयत्न केलाय, अभ्यासाच्या कामाला तो घ्या, व्यावसायिक कामाला लायसन्स बघा. पण कुठलाही घेतला तरी अर्ध्या मीटरचा फरक त्यातून सिद्ध होत नाही. अर्ध्या मीटरचे सात रंग असलेला नकाशा दिसायला सुंदर दिसतो, परीक्षकही खूश होतात, पण त्यातला दुसरा आणि तिसरा रंग यातला फरक जमिनीवर अस्तित्वात आहे की नुसत्या डीईएमच्या चुकीत आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि त्या रंगाच्या कडेवर कोणाचं तरी घर आहे.

एक-एक मीटरचे टप्पे घ्या. आणि प्रत्येक टप्प्यासाठी तीन वेळा चालवा, ती पातळी, तिच्यापेक्षा १ मीटर कमी, १ मीटर जास्त. कमीवालं गडद दाखवा, इथे पाणी यायची शक्यता जास्त, जास्तवालं फिकट, इथे येऊ शकतं. अर्धा मीटर खरंच हवा असेल तर त्याला ड्रोन सर्वे किंवा डीजीपीएस, म्हणजे जास्त अचूक जीपीएस, घेऊन नदीचे आडवे छेद मोजावे लागतात, दुसरा उपाय नाही. कॉलेजकडे टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र) असेल तर सगळी नदी नको, पुलाजवळचे चार-पाच छेद मोजा, तेवढ्यानेही डीईएम तिथे किती वर किंवा खाली बसलाय ते कळतं आणि तो फरक सगळ्या पट्ट्याला लावता येतो.

गेज, म्हणजे नदीची पातळी मोजायची पट्टी, आणि डीईएम यांचा शून्य जुळवणं हा वेगळाच विषय आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पत्रकात काळू नदीची टिटवाळ्याची धोका पातळी १०३.५० दिलेली असते. टिटवाळा काही समुद्रापासून शंभर मीटर उंचीवर नाही. म्हणजे तिथल्या गेजचा शून्य मानलेला आहे, समुद्रसपाटी नाही. मग बदलापूरचा १७.५० तरी समुद्रसपाटीचा आहे का? आकडा पटण्यासारखा वाटतो म्हणून धरून चालू नका, पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन गेजचा शून्य काय आहे आणि तो कुठल्या बेंचमार्कला, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेला, बांधलाय ते लेखी विचारा, कॉलेजचं पत्र न्या, देतात. डीईएमच्या बाजूनेही बघा. कोपर्निकस ईजीएम २००८ वर आहे, एसआरटीएम ईजीएम ९६ वर, ही दोन्ही जिऑइडची, म्हणजे साधारण समुद्रसपाटीची, मॉडेलं, पण इस्रोच्या भुवन पोर्टलवरून घेतलेला कार्टोडेम हा डीईएम वापरलात तर तो एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या नुसत्या गणिती आकारावर येतो, आणि आपल्याकडे एलिप्सॉइड आणि जिऑइडमध्ये साठ मीटरहून जास्त फरक आहे, म्हणून ठाण्याची जमीन उणे पन्नास-साठ दिसली तर फाइल खराब आहे असं समजू नका. ढोबळ तपासणीला रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी पण चालते, ज्या पाट्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते त्या स्टेशनजवळची मोकळी जमीन डीईएममध्ये किती येते ते ताडून बघा.

एकदा हे जुळलं की खरा निकाल नकाशा नाही, आलेख आहे. आडव्या अक्षावर पातळी, उभ्यावर पाण्याखालचं क्षेत्र. ३० मीटरचा एक पिक्सेल ९०० चौरस मीटर, अकराएक पिक्सेलचा एक हेक्टर, मोजणी काही अवघड नाही. पण आलेखाचा आकार वाचायला शिका. पाणी पात्रात आहे तोवर रेषा जवळजवळ आडवी जाते, मीटरभर पाणी वाढलं तरी क्षेत्र फारसं वाढत नाही कारण काठ उभे आहेत. मग एका पातळीला रेषा एकदम वर उसळते, तिथे पाणी काठ ओलांडून सपाट शेतजमिनीवर पसरलं. मग परत थोडी मंदावते, आणि पुढे कुठेतरी दुसरी उसळी येते, जुन्या काठाची वरची पायरी पाण्याखाली गेली की. या दोन उसळ्या कुठल्या पातळीला येतात आणि धोका पातळी त्यांच्या आधी आहे की नंतर, हाच तुमच्या प्रोजेक्टचा गाभा आहे असं मला वाटतं. दुसरी उसळी जिथे येते तिथे नकाशावर जाऊन बघा काय आहे. पहिल्या उसळीत बहुतेक भातशेती, तबेले, वीटभट्ट्या सापडतील, दुसरीत सोसायट्या सापडल्या तर तो मुद्दा ठळक लिहा. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपमधल्या इमारती घ्या आणि प्रत्येक टप्प्यात नुसतं क्षेत्र नाही तर किती इमारती येतात तेही काढा, कारण दहा हेक्टर शेत आणि दहा हेक्टर वस्ती आलेखात सारखीच दिसते.

पडताळणी. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगातूनही बघतं, पाणी काळं दिसतं, पूर काढायला सगळे तेच वापरतात. पण आपल्या नद्या आखूड, घाटावरून उतरलेलं पाणी चढतं तसं दिवस-दीड दिवसात उतरतं पण, आणि उपग्रह त्याच वाटेवर परत येतो बारा दिवसांनी. पुराच्या ऐन तासाला तो वर असेल हा योगायोग. असलाच तरी इमारतींच्या मधलं पाणी काळं न दिसता उलट चमकतं, झाडाखालचं दिसतच नाही. त्यामुळे चित्रात पूर दिसला नाही म्हणजे आला नव्हता असं लिहू नका. त्यापेक्षा गावात फिरा. २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या खुणा लोकांच्या लक्षात असतात, मीटरच्या पेटीपर्यंत आलं, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं, अशा. एका सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर गाळाची पिवळट रेघ मी स्वतः टेप लावून मोजलीये, रेघ अगदी लेव्हलमध्ये होती, पाण्यासारखा लेव्हल दुसरा कोणी काढू शकत नाही. अशा दहा-पंधरा खुणा मोबाइलच्या जीपीएसने जागा घेऊन आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून आणा. मोबाइलची उंची मात्र घेऊ नका, ती बिनकामाची.

तुमच्या प्रश्नाखाली अजून एकाने विचारलंय की हेच नवी मुंबईच्या खाडीकिनाऱ्याला, बेलापूर-वाशीकडे करायचं तर कसं. तिथे गंमत उलटी आहे. खाडीत पाणी बऱ्यापैकी सपाट धरता येतं, म्हणजे "अमुक पातळीपेक्षा कमी" ही पद्धत तिथे चालते, पण शून्याचा घोळ मोठा आहे. भरतीच्या तक्त्यातली ४.९ मीटर ही चार्ट डेटमपासून असते, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीपासून, आणि मुंबईला सरासरी समुद्रपातळी त्या डेटमच्या सुमारे २.५१ मीटर वर आहे. म्हणून ४.९ ची उधाणाची भरती म्हणजे डीईएमवर साधारण २.४ मीटर. हे वजा न करता ४.९ टाकलं की अर्धी नवी मुंबई बुडते आणि असे नकाशे व्हॉट्सअपवर फिरतात, लोक घाबरतात.

आणि तिथे जोडणी हाच सगळा खेळ आहे. सिडकोने खाजणाची जमीन भरून नोड, म्हणजे वसाहती, वसवले, त्यातला काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून खाडीच्या बाजूला बांध आणि आत धारण तलाव. तलावांच्या तोंडाला झडपा आहेत, भरती चढली की बंद होतात, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतात. बांध काही मीटर रुंद, पिक्सेल ३० मीटरचा, डीईएमला बांध दिसतच नाही, तो शेजारच्या जमिनीत मिसळून जातो. मग चित्रावरून बांधाची रेषा काढा, जागेवरची उंची मिळवून त्या रेषेवरचे पिक्सेल उचला, आणि ग्रासचं लेकचं टूल खाडीत सुरुवातीचा बिंदू ठेवून चालवा, ते जोडलेलं पाणीच भरत जातं. एकदा झडपा बंद धरून, एकदा एखादी झडप गाळाने अडकून उघडी राहिली असं धरून. दोन नकाशांतला फरक म्हणजे त्या एका झडपेमागे किती वस्ती आहे ते. खारफुटीचं पण लक्षात ठेवा, रडारला खारफुटीचा शेंडाच जमीन वाटतो, त्यामुळे साध्या डीईएममध्ये खाडीकाठ उगाच उंच आणि सुरक्षित दिसतो, तिथे फॅबडेमशिवाय जाऊ नका. आणि यात आतल्या पावसाचं पाणी कुठेच नाहीये, भरतीच्या वेळी झडपा बंद असताना पडलेला पाऊस आतच तुंबतो, तो हिशोब पूर्ण वेगळा करावा लागतो.

कल्याणच्या खाली उल्हासमध्ये दोन्ही एकत्र येतात, वरून पूर आणि खालून भरती. तिथे नकाशाची साधी वजाबाकी पुरत नाही, एचईसी-रॅस हे नदीच्या प्रवाहाचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर घ्या, अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर कोअरचं आहे, फुकट आहे, टू-डीमध्ये वरच्या टोकाला पुराचा प्रवाह आणि खालच्या टोकाला भरतीचा आलेख देता येतो. पण एमएस्सीच्या प्रोजेक्टला तुम्ही बदलापूरचाच पट्टा ठेवा, तिथे भरती पोचत नाही आणि वर सांगितलेली पद्धत धडपणे बसते.

शेवटचं, नकाशाला "पूररेषा" नाव देऊ नका. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा खातं आखतं, निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या, आणि त्यावर बांधकाम परवानग्या ठरतात. तुमचा नकाशा पातळीवरून काढलेला आहे, ती पातळी किती वर्षांनी येते हे त्यात नाहीच. "बदलापूर पुलाजवळ कोरड्या पातळीपासून इतके मीटर वाढ झाल्यास संभाव्य पाण्याखालील क्षेत्र" असं लांबलचक नाव असू द्या. लेजेंडमध्ये डीईएम कुठला, डेटम कुठला, गेजचा शून्य कुठून घेतला, टप्पा किती आणि अचूकता किती, हे सगळं टाका. आणि आडव्या रेषांवरचे पातळीचे आकडे काढून झाले की ती यादी इथेच टाका, उतार बरोबर आलाय का ते मी बघून सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.